बाकावरचे पाच

माघातल्या त्या शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास मी जूचंद्रच्या घराच्या ओटीवर बसून रात्री साडेनऊला सुरू होणाऱ्या कबड्डीच्या एका सामन्याची चिंता वाहत होतो. आणि ज्या गृहस्थाने बत्तीस वर्षे मुंबईच्या एका कचेरीत आवक-जावक बारनिशी सांभाळण्यापलीकडे कोणताही पराक्रम केला नाही, ज्याची शाळकरी वयातली एकुलती एक चढाई निदानरेषेच्या अलीकडेच दम तुटल्यामुळे संपली, आणि ज्याचे मत मंडळाच्या एकाही पदाधिकाऱ्याने आजवर विचारलेले नाही, त्याने असली चिंता वाहावी याचे घरातल्या मंडळींना हसू येत होते, ते साहजिकच होते. पण बातमीच तशी होती. सकाळी दुधाला गेलो तेव्हा एका पोराने सायकल थांबवून सांगितले, "काका, डावा कोपरा नाय खेलत आज, गुडघा सुजलाय," आणि पिशवी घेऊन घरी परततो तोच दुसऱ्याने पहिल्या चढाईपटूचा खांदाही निकामी झाल्याचे कानावर घातले. सात गड्यांच्या संघातले दोन जायबंदी. आणि तेही कोणते दोन, तर ज्यांच्या भरवशावर आम्ही गेला महिनाभर शेजारच्या गावांतल्या सोयऱ्यांशी पैजा लावीत होतो तेच.

ज्यांनी जूचंद्र हे नाव वसई रोड-दिवा लोहमार्गावरील एका लहानशा स्थानकाच्या पाटीवरच वाचले असेल, त्यांना या चिंतेचे मर्म कळण्यासाठी गावाची थोडी ओळख करून द्यावी लागेल. नायगाव स्थानकाच्या पूर्वेला, डोंगरावरच्या चंडिकादेवीच्या छायेत वसलेले हे मूळचे आगरी लोकांचे गाव. आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरूनच आम्हां लोकांना आगरी म्हणतात असे जाणकार सांगतात. भरतीचे पाणी खाजणात अडवायचे, उन्हाने ते आटवायचे आणि अनवाणी पायांनी चिखल तुडवीत मीठ ओढायचे, हा आमच्या आजोबा-पणजोबांचा उद्योग. आता मिठागरांच्या दिशेला उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, ग्रामपंचायतीची जागा 2009 पासून महानगरपालिकेने घेतली आहे, आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी आमचा जिल्हाही ठाण्याचा पालघर झाला. (योगायोग असा, की त्याच्या सहाच दिवस आधी, 26 जुलैला, दूरचित्रवाणीवर प्रो कबड्डीचा आरंभ झाला होता, त्यामुळे गावात जिल्हा बदलल्याची चर्चा ज्या निमूटपणे झाली, ती पाहून एखाद्या मामलेदाराला वाईट वाटले असते.) गावाची खरी कीर्ती मात्र रांगोळीची. दिवाळीत आमच्याकडे रांगोळीतून हुबेहूब व्यक्तिचित्रे काढतात, आणि ती पाहायला दुरून माणसे येतात. कबड्डीची अशी विशेष कीर्ती नाही. ती आमच्याकडे आहे, कारण ती या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाकडे असते; मोकळी माती, अनवाणी पाय आणि संध्याकाळचा रिकामा वेळ एवढ्या भांडवलावर चालणारा दुसरा खेळ आमच्या वाडवडिलांना ठाऊक नव्हता.

तर चिंता. चाहत्याची चिंता हा एक स्वतंत्र पदार्थ असून खेळाडूच्या चिंतेशी त्याचे काही नाते नाही. खेळाडूला निदान काहीतरी करता येते. तो पाय शेकतो, पट्ट्या बांधतो, प्रतिपक्षाच्या चढाईपटूच्या सवयी आठवतो. चाहत्याला केवळ हिशेब करता येतो, आणि जो हिशेब कोणीही मागितलेला नाही तो तो पुन्हा पुन्हा करतो. मी ओटीवर बसून तेच करीत होतो. कबड्डीचे अंगण पुरुषांसाठी तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. म्हणजे प्रत्येक पक्षाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोलीचा प्रदेश, आणि त्याच्या रक्षणाला सात माणसे. सातांची साखळी. तिच्या दोन टोकांना जे दोघे, ते कोपरारक्षक. आणि चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आत शिरतो तेव्हा मधले चौघे-पाचजण हालतात, बुजतात, हूल देतात, पण कोपऱ्यातला मनुष्य गुडघ्यांत वाकून, हात जमिनीजवळ ठेवून, मांजरासारखा थांबून राहतो. त्याला एकच क्षण मिळतो. चढाईपटूचे पाऊल बोनसच्या लोभाने जरा लांब पडले, की त्याच क्षणी घोटा धरायचा. अर्धा क्षण आधी झेपावला तर स्वतः बाद, अर्धा क्षण उशीर झाला तर चढाईपटू मध्यरेषेवर हात टेकवून मोकळा. त्याने घोटा धरला, की शेजारच्याने साखळी आवळून त्याच्या मदतीला धावायचे. हे धावणे डोळ्यांनी होत नाही. तो शेजारी त्याच्या श्वासावरून ओळखतो की आता हा झेप घेणार. आमच्या डाव्या कोपऱ्याचे आणि त्याच्या शेजाऱ्याचे हे नाते सहा वर्षांचे होते. राखीव बाकावरून दुसरा गडी आणून त्या जागी उभा करता येतो. ती सहा वर्षे कोठून आणणार?

चढाईपटूचे गणित त्या मानाने सोपे, म्हणून ते लवकर उरकतो. तीस सेकंदांची एक चढाई. सलग दोन कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर गडी बाद. अशा तिसऱ्या चढाईला आमचा तो पोरगा जायचा. आता दुसरा जाईल. दुसराही वाईट नव्हता.

चारच्या सुमारास ओटीवर बसवेना, म्हणून टपरीवर गेलो. तेथे माझ्यासारखेच सातआठ बिनपगारी मसलतगार आधीच हजर होते. कोणी म्हणत होते की सामना आठवडाभर तहकूब करावा असा अर्ज आयोजकांकडे द्यावा. कोणी म्हणत होते की दुखापतीची बातमी ही आपल्याच मंडळाची युक्ती आहे, प्रतिपक्षाला गाफील ठेवण्यासाठी मुद्दाम उठविलेली आहे, आणि ऐन वेळी दोघेही अंगणात दिसतील. या दुसऱ्या मतावर, लाज वाटते पण सांगतो, माझाही अर्धा तास विश्वास बसला. मग एकाने चहाचा कप खाली ठेवीत ते वाक्य उच्चारले, जे अशा प्रत्येक टपरीवर अशा प्रत्येक दुपारी केव्हातरी उच्चारले जातेच: "गुडघ्याला पट्टी बांधून उतरव ना त्याला. गावासाठी येवढं नाय करनार?"

कोणीच त्याला विरोध केला नाही. मीही नाही.

येथे मला तीन वर्षे मागे जावे लागते. तेव्हाही असाच एक उपान्त्य सामना होता, असाच एक पोरगा होता, आणि त्याच्याही गुडघ्याला पट्टी होती. तो लंगडत अंगणात शिरला तेव्हा आम्ही, म्हणजे दोन-अडीचशे माणसांनी, उभे राहून ज्या टाळ्या वाजविल्या, तशा टाळ्या त्याच्या धडधाकट पायांना कधी मिळाल्या नव्हत्या. उत्तरार्धात त्याने एक पकड केली, पाय मातीत रुतलेला आणि वरचे शरीर वळलेले अशा अवस्थेत दोघे त्याच्यावर कोसळले, आणि पहिल्या रांगेतल्या लोकांना आवाज ऐकू आला. पुढे मी त्यासंबंधी वसईतल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांना विचारले, तेव्हा त्यांनी टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या सांध्यावर बोट ठेवून समजाविले: मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना आतून जखडून ठेवणारे दोन बंध फुलीसारखे एकमेकांवरून जातात, पाऊल स्थिर आणि गुडघा पिळलेला अशा वेळी त्यांतला पुढचा बंध तुटतो, तुटला की तो आपणहून फारसा जुळत नाही, शस्त्रक्रियेने मांडीमागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध काढून त्याच्या जागी बसवावा लागतो, आणि त्यानंतर मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष लागते, तेही ज्याच्याजवळ रोज व्यायाम करून घेणारा तज्ज्ञ आणि वर्षभर न कमावता बसून राहण्याची ऐपत आहे त्याला. आमच्या पोराजवळ यांतले काहीच नव्हते. तो आज महामार्गालगतच्या एका गोदामात मालाची नोंद ठेवतो. बसून करावयाचे काम आहे, जिना चढताना कठड्याला धरतो. आम्ही टाळ्या वाजविल्या याची नोंद मात्र कोणत्याच बारनिशीत नाही.

हुतुतूच्या जुन्या परिपाठात या खेळाचे तीन प्रकार मानीत. संजीवनीत बाद झालेला गडी, आपल्या पक्षाने प्रतिपक्षाचा गडी मारला की पुन्हा जिवंत होऊन अंगणात येई. गामिनीत एकदा गेलेला गडी लोण होईपर्यंत गेलेलाच. आणि अमर या प्रकारात गडी बाहेर जातच नसे, केवळ गुण मांडले जात. आज जगभर जी कबड्डी खेळली जाते ती संजीवनी. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी परदेशी लोकांना या मातीतल्या खेळाची प्रात्यक्षिके दाखविली, 1950 साली अखिल भारतीय महासंघ झाला, 1990 साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत खेळाला पदक मिळू लागले, आणि या साऱ्या प्रवासात संजीवनीच टिकली. ती टिकावी हे योग्यच. मरून पुन्हा उठणारा गडी कोणाला आवडणार नाही? पण त्या दुपारी टपरीवर बसलेल्या आम्हां लोकांची समजूत अशी झाली होती, की तो नियम अंगणाबाहेरच्या गुडघ्यालाही लागू आहे. गुडघा गामिनी खेळतो.

बदली खेळाडूची तजवीज ही आज आपल्याला खेळाचा स्वाभाविक भाग वाटते, पण इतरत्र ती फार उशिरा आली. फुटबॉलच्या विश्वचषकात 1970 पर्यंत जायबंदी खेळाडूच्या जागी दुसरा उतरविण्याची मुभाच नव्हती. 1956 सालच्या इंग्लंडमधील एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन शेवटची सतरा मिनिटे मानेचे हाड मोडलेल्या अवस्थेत गोल राखीत उभा राहिला, आणि हाड मोडले आहे हे काही दिवसांनंतर कळले. त्याच्या शौर्याच्या कथा लोक अजून सांगतात. मला मात्र ती कथा ऐकली की त्या वेळच्या नियमांचा राग येतो. 1962 सालच्या विश्वचषकात पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला, उरलेला सामना केवळ नावापुरता मैदानात राहिला, आणि पुढच्या सामन्यापासून त्याच्या जागी आमारिल्दो नावाचा तरुण उभा केला गेला. ब्राझीलच्या लोकांनी त्या दिवशी दुपारी काय केले असेल? आमच्यासारखेच टपरीवर बसले असतील. आमारिल्दोने स्पेनविरुद्ध दोन गोल केले, अंतिम सामन्यात आणखी एक केला, आणि ब्राझीलने चषक जिंकला. तरीही पेलेचे नाव आमच्या टपरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि आमारिल्दोचे नाव मी काढले तेव्हा एकाने तो औषधाचा प्रकार आहे का असे विचारले.

अर्थात प्रत्येक वेळी आमारिल्दो मिळतोच असे नाही, आणि त्याची खोटी आशा चाहत्याने धरू नये. 2018 सालच्या जाकार्तातील आशियाई क्रीडास्पर्धेत, 1990 पासून सलग सात सुवर्णपदके जिंकणारा भारताचा पुरुष संघ उपान्त्य सामन्यात इराणकडून 27-18 असा हरला, आणि त्याच सामन्यात कर्णधार अजय ठाकूरला कपाळाला लागून बाहेर बसावे लागले होते. तो बाहेर बसला म्हणून आपण हरलो असे मी म्हणणार नाही. इराण त्या दिवशी सरसच होता. पण तो सामना मी याच ओटीवरून पाहिला आहे, आणि कपाळाला पट्टी बांधून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत जे दिसते ते मी विसरलेलो नाही. आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्यायचे तर चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईचे घ्यावे. प्रो कबड्डीच्या 2018 च्या मोसमात त्याने पदार्पणातच चढायांचे दोनशेवर गुण मिळविले, पुढच्या वर्षी त्याच्यावर एक कोटी पंचेचाळीस लाखांची बोली लागली. आणि दोन मोसमांनंतर खांद्याच्या दुखापतीने सुरुवातीच्या काही सामन्यांतच त्याला बाहेर व्हावे लागले. कोटींची बोली लागलेल्या खांद्यालासुद्धा पर्याय सापडला नाही; त्याचा संघ त्या वर्षी तळाला गेला. आणि याच्या उलट, 2018 च्या जानेवारीत हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला 34-29 असे हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद परत आणले, तेव्हा गावात फटाके वाजले. पण त्या संघातल्या राखीव खेळाडूंची नावे आमच्यापैकी एकालाही सांगता येणार नाहीत. मीही त्यांतलाच.

पाच वाजता मी टपरीवरून उठून मैदानाकडे गेलो. पोरे मातीवर पाणी मारून रूळ फिरवीत होती, चुन्याच्या रेषा ओढणे चालू होते. ज्याचा गुडघा सुजला होता तो पोरगा खुर्चीवर पाय समोर ठेवून बसला होता, आणि गुडघ्यावर ओल्या फडक्यात बर्फ होता. मी जवळ जाऊन बसलो. टपरीवरचे वाक्य जिभेवर होते, ते मी गिळले आणि नुसते विचारले, "कसं काय रे?" तो म्हणाला, "पानी भरलंय, काका. डॉक्टर नको बोलले." मग थोडा वेळ थांबून, रेषा ओढणाऱ्या पोरांकडे पाहत तो म्हणाला, "तुम्ही बोलले तर उतरतो." मी कोण? मी मंडळाचा सभासदसुद्धा नाही. पण त्या 'तुम्ही'मध्ये मी एकटा नव्हतो, टपरी होती, दोन-अडीचशे माणसे होती आणि त्या जुन्या टाळ्या होत्या. मी म्हणालो, "नको. डॉक्टर बोलले ना, मग नको." आयुष्यात कबड्डीच्या बाबतीत मी दिलेला हा एकमेव हुकूम, आणि तो पाळला गेला याचे मला अजून नवल वाटते. त्याची आई मागे उभी होती हे मला नंतर दिसले. ती काही बोलली नाही. बर्फाचे फडके पिळून तिने पुन्हा बांधले.

मग प्रशिक्षकाला विचारले, की डाव्या कोपऱ्यात कोण. त्याने ज्याच्याकडे बोट दाखविले तो मुलगा एकोणीस वर्षांचा, अंगाने किरकोळ, आणि मी त्याला चांगला ओळखत होतो. पण कबड्डीपटू म्हणून नव्हे. दिवाळीत रांगोळीच्या दालनात सात-आठ तास उकिडवा बसून, चिमटीतून चाळलेला रंग सोडीत, वरून खाली सरकत चेहरे काढणाऱ्या पोरांमध्ये तो असतो. गेल्या दिवाळीत त्याने काढलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यापुढे मी बराच वेळ उभा होतो. हा चार वर्षे राखीव बाकावर बसत होता आणि माझ्या ते कधी लक्षातही आले नव्हते. बारा जणांच्या संघातले सात मला त्यांच्या घोट्यांच्या खुणांसकट पाठ. उरलेले पाच माझ्या लेखी पाण्याच्या बाटल्या देणारे हात. प्रशिक्षक हसून म्हणाला, "काका, कोपऱ्याला काय लागतं? खाली बसता आलं पायजे आन् हात थरथरता नये. हा तर दिवालीत दिवसभर तेवढंच करतो."

हा विनोद होता की तत्त्व, हे मला अजून ठरविता आलेले नाही. उकिडवे बसणे आणि घोटा धरणे या भिन्न विद्या आहेत. रांगोळी पळत नाही. पण त्या मुलाला मी सायंकाळी सराव करताना पाहिले, आणि तो बसला होता तो खरोखर पोटऱ्यांवर भार देऊन, टाचा किंचित उचलून, असा स्थिर, की जणू समोर पाऊल पडायचे नसून एक चेहरा पुरा व्हायचा आहे. त्याच्या शेजारी तोच जुना शेजारी होता, सहा वर्षांच्या सवयीने उजवीकडे कलणारा. आणि दर दोन-चार चढायांनंतर हे दोघे एकमेकांवर आदळत होते, थांबत होते, काहीतरी पुटपुटत होते आणि पुन्हा हात धरत होते. खुर्चीवरचा जायबंदी पोरगा तेथूनच ओरडत होता: "त्याचे खांद्याकडं बघू नको, पायाकडं बघ!" एकदा त्याने उठण्याचा प्रयत्न केला, आणि आईने खांद्यावर हात ठेवला.

घरी येऊन जेवलो. जेवण गेले नाही. सौभाग्यवतींनी विचारले की हरलो तर काय होणार आहे, आणि या प्रश्नाला गेल्या चाळीस वर्षांत जे उत्तर मला सुचले नाही ते त्या दिवशीही सुचले नाही. हरलो तर काहीही होत नाही. सोयऱ्यांना एक-दोन लग्नांत हसण्याची सोय होते, एवढेच. तरीही साडेआठला अंगात स्वेटर घालून, हातात बॅटरी घेऊन मी निघालो तेव्हा छातीत जी धडधड होती, ती परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही नव्हती. आणि तिच्यात आता एक नवीन, अपरिचित भाग होता. इतकी वर्षे मी ज्याच्यासाठी जात होतो तो बाकावर होता, आणि ज्याच्यासाठी आज जात होतो त्याचे आडनाव मला वाटेत एका मुलाला विचारून घ्यावे लागले.

मैदान भरले होते. दिव्यांच्या उजेडात माती ओली, तांबूस दिसत होती. ध्वनिक्षेपकावरून सात नावे पुकारली गेली, तेव्हा चौथ्या नावाला टाळ्या वाजल्या त्या तुरळक होत्या. जायबंदी पोरगा बाकाच्या टोकाला, पाय समोर पसरून, मांडीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन बसला होता आणि सर्वांत मोठ्याने तोच वाजवीत होता. नाणेफेक आम्ही जिंकली. आमच्या कर्णधाराने चढाई न मागता अंगण मागून घेतले. त्यामुळे पहिली चढाई प्रतिपक्षाची होती, आणि त्यांचा चढाईपटू मध्यरेषा ओलांडून सरळ आमच्या डाव्या कोपऱ्याकडे वळला.